पांढऱ्या डब्यातले लाडू

बसा, चहा घ्या. पण एक अट आहे, मध्येच हसायचं नाही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि रागावलेल्या माणसासमोर कुणी हसलं की त्याची गोष्ट बिघडते. गेल्या महिन्यात माझ्या हातून असा काही गाढवपणा घडला, की हल्ली इथल्या मराठी मंडळातला देवस्थळी समोरून येताना दिसला तर मी रस्ता ओलांडतो. आणि तुम्हाला ठाऊक आहे, रस्ता ओलांडायला मला गुडघे किती त्रास देतात.

सगळं सुरू झालं मिठापासून.

सुपरमार्केटात मीठ आणायला गेलो होतो. साधं मीठ. शेल्फवर गुलाबी मीठ, करडं मीठ, फुलांचं मीठ आणि धूर दिलेलं मीठ. मिठाला धूर? वांग्याला धूर देतात, डासांना देतात, मिठाने काय घोडं मारलंय? तिथल्या बाईंना विचारलं, "प्लेन सॉल्ट कुठेय?" तर त्या म्हणाल्या, "कशावर घालायचंय?" जेवणावर, बाई. जन्मभर जेवणावरच घालत आलोय.

तुम्ही सगळे पुण्याहून लॅपटॉप घेऊन इंग्लंडात आलात, तुम्हाला आमचं पांढरं दुकान माहीत असायचं कारण नाही. खरं नाव वेगळं होतं, पण आमच्या घरात ते पांढरं दुकान. रंगीत पाकीट तिथे औषधालाही मिळायचं नाही. पांढरी पिशवी, वर काळ्या अक्षरांत एकच शब्द, पीठ. पांढरा पुडा, चहा. पांढरा डबा, बिस्किटं. हसणारी बाई नाही, डोंगर नाही, गाय नाही. पीठ म्हणजे पीठ. शेल्फ म्हणाल तर तेही नाही, खोकी कापून तशीच रचलेली. पिशव्या आपल्या आपण न्यायच्या. आणि काउंटरवरच्या बायकांना सगळ्या वस्तूंचे भाव तोंडपाठ. बिलाच्या मशिनवर बोटं अशी चालायची की हार्मोनियमवाल्याने बघत बसावं.

आमच्या मंडळातलं कुणीही तिथे जात नसे. निदान सगळे तसं म्हणायचे. आणि शनिवारी सकाळी अख्खं मंडळ तिथे भेटायचं. एकदा पिठाच्या खोक्यांमागे मला देवस्थळी दिसला, त्याला मी दिसलो. दोघांनीही एकमेकांना पाहिलं नाही. त्या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली असतील, आम्ही अजून तो विषय काढलेला नाही. घरी आलं की पाकिटं फाडून सगळं स्टीलच्या डब्यांत, आणि पांढरा कागद कचऱ्याच्या तळाशी. पाहुण्यांना दिसायला नको.

मग एक दिवस दुकानाला कुलूप लागलं. आता तिथे जिम आहे. लोक महिन्याचे पैसे भरून वजनं उचलतात. त्याच जागी आम्ही पिठाच्या पिशव्या फुकट उचलायचो.

तर मिठावरून डोकं तापलेलं असतानाच आमच्या भागातल्या लायब्ररीत एक पत्रक हाती आलं. 'हरवलेली दुकानं', जुन्या दुकानांचं प्रदर्शन. मी खूष झालो. आत बघतो तर आमच्या पांढऱ्या दुकानाखाली छापलेलं, 'हलाखीच्या दिवसांतली खरेदी'. हलाखी? अहो, मी मशिनच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, टाय लावून जायचो! आम्ही काटकसरी होतो, हलाखीत नव्हतो. यात फरक आहे की नाही?

तसाच तरातरा आत गेलो. प्रदर्शन मांडणारी मुलगी हॅना, असेल तिशीची, गोड चेहऱ्याची. मी इंग्रजीत चांगला पंधरा मिनिटं भांडलो. तिने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "हे तुम्हीच उद्घाटनाच्या दिवशी सांगाल का? पाच मिनिटं? आणि त्या दुकानातली एखादी वस्तू आहे का तुमच्याकडे?"

माणूस भांडायला येतो आणि वक्ता होऊन बाहेर पडतो. इंग्रजांनी राज्य उगाच नाही केलं.

वस्तू होती. बिस्किटांचा पांढरा पत्र्याचा डबा. आमची मेघा जन्मली त्या वर्षी घेतलेला, म्हणजे जवळपास चाळीस वर्षांचा. अक्षरं जरा पुसटली आहेत, पण झाकण अजून घट्ट बसतं. सुमन, म्हणजे माझी बायको, त्यात बेसनाचे लाडू ठेवते. मला साखरेचा आजार निघाल्यापासून त्या डब्याला हात लावायची मला बंदी आहे. झाकण उघडल्याचा आवाज तिला बागेतसुद्धा ऐकू जातो.

"अगं, तो पांढरा डबा दे. प्रदर्शनात ठेवायचाय. आणि मला बोलायलाही बोलावलंय."

"कशावर बोलणार?"

"पांढऱ्या दुकानावर."

"अहो, पण दुकानात जायचं कोण?" ती म्हणाली. "तुम्ही शनिवारी यायचात, पिशव्या धरायला. बाकीचे दिवस मेघाला प्रॅममध्ये घालून, दोन मैल पायी, पावसातून कोण जायचं? डबा न्या. पण बोलाल तेव्हा तेवढं सांगा. माझं नाव एकदा घ्या, बाकी काही नको."

"घेईन की. त्यात काय."

"चाळीस वर्षं 'त्यात काय' ऐकतेय," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

सकाळी टेबलावर डबा तयार होता. उचलला तर जड.

"यात काय आहे?"

"लाडू. काल रात्रीच वळले. रिकामा डबा कुणाकडे नेतात का?"

"अगं, ती प्रदर्शनाची माणसं आहेत."

"माणसंच आहेत ना? मग?"

आपल्यात रिकामा डबा देत नाहीत, हे मला तरी कुठे नामंजूर होतं. घेऊन गेलो. हॅना जागेवर नव्हती. काउंटरवर फॉर्म भरून दिला. वस्तू, डबा. वय, जवळपास चाळीस वर्षं. पुढे एक रकाना होता, आत काय आहे. तिथे मी रेघ मारली. खाऊ काय सरकारी फॉर्मवर लिहायचा असतो? झाकण उघडतील, दिसेल, खातील. एवढी साधी गोष्ट.

आठवडा गेला. फोन नाही, चिठ्ठी नाही.

सांगा, आपल्याकडे कुणाच्या घरी लाडू पाठवले तर संध्याकाळच्या आत फोन येतो की नाही? "वेलची छान लागली हो," एवढं म्हणायला काय जातं? सुमन रोज विचारायची, "आवडले का त्यांना?" आणि मी रोज सांगायचो, "कामात असतील." आतून मात्र मी धुमसत होतो. आठव्या दिवशी ईमेल आली. 'आपल्या डब्याच्या आत जे आहे, त्या नाजूक विषयावर प्रत्यक्ष बोलता येईल का?'

नाजूक विषय! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेल्या दिवाळीला डॉक्टरांच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी आमचा मिठाईचा बॉक्स परत केला होता. भेटी घ्यायच्या नाहीत म्हणे, पॉलिसी. तेच हे. म्हणजे सुमनचे लाडू ही लाच झाली? पाच मिनिटांच्या भाषणासाठी मी लाच देईन? दिलीच तर बेसनाची देईन? कोट चढवला आणि निघालो.

हॅनाने मला आतल्या खोलीत बसवलं, दार लोटून घेतलं. आवाज एकदम हळू. हे सगळं इंग्रजीत झालं, तुम्हाला मराठीत सांगतो.

"आम्ही फक्त झाकण उघडून पाहिलं," ती म्हणाली. "आतल्याला हात लावलेला नाही."

"का नाही लावला?" मी म्हणालो. "प्रेमाने दिलेलं आहे ते."

"ते तुम्ही भरलं होतं?"

"मी कसला भरतोय. बायकोने. स्वतःच्या हातांनी."

"आणि तुम्ही त्यातलं एकही खाल्लं नाहीत?"

"एकही नाही. कित्येक वर्षांत नाही. रोज मनात येतं, डबा समोर असतो. पण तिला ते चालणार नाही."

"आय ॲम सो सॉरी," ती म्हणाली.

आता या देशात आपण यांच्या पायावर पाय दिला तरी हेच सॉरी म्हणतात. मी लक्ष दिलं नाही. मला वाटलं, माझ्या साखरेबद्दल वाईट वाटलं असेल. मुलगी मायाळू दिसते.

"किती सुंदर टिकलेत," ती म्हणाली.

"साजूक तूप. घरी कढवलेलं. काही होत नाही त्याला."

तिने ते लिहून घेतलं. मग विचारलं, "आम्ही ते ठेवून घेऊ शकतो का? लोकांना दिसतील असे?"

"ठेवायलाच हवेत. परत केलेत तर आमच्यात तो अपमान समजतात."

"काचेखाली ठेवू."

"जरूर. इथे शिंकणारे लोक काय कमी आहेत?"

मारली की नाही मी बाजी? पॉलिसी गेली उडत. मी इतका खुलून गेलो, की तिने रेकॉर्डर सुरू करून "पत्नीबद्दल सांगा ना" म्हटल्यावर सुटलोच. समोर अनोळखी मुलगी, भाषा परकी, आणि बायको दोन मैल लांब. अशा वेळी माणूस खरं बोलतो. सांगलीहून आलेली बावीस वर्षांची मुलगी, थंडीने ओठ फुटलेले, प्रॅमच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, हे सगळं सांगितलं. मी पहिल्याच हिवाळ्यात परतीचं तिकीट काढायला निघालो होतो आणि तिने मला दारात अडवलं होतं, तेही सांगितलं. हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. हॅनाने टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मला सर्दी होतीच, मी दोन घेतले.

घरी येऊन सुमनला सांगितलं, "लाडू सगळ्यांसाठी ठेवणार आहेत. काचेखाली."

ती इतकी खूष झाली, की तिने मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. सगळ्यांनी या.

आणि सगळे आले. उद्घाटनाला मंडळातली वीसेक डोकी, देवस्थळी सगळ्यात पुढे. सुमनने जांभळी पैठणी नेसलेली, वर कोट. मी भाषणाचा कागद खिशात चाचपत होतो. तेवढ्यात आमची मेघा पुढून लगबगीने परत आली, चेहरा पांढराफटक. मेघा इथेच जन्मलेली, तिचं मराठी म्हणजे प्रत्येक शब्दाला आपल्या मर्जीने लिंग.

"आई, तू इथेच थांब. तिकडे काही इंटरेस्टिंग नाहीये." मग मला बाजूला ओढून म्हणाली, "बाबा, तू त्या बाईला काय स्टोरी सांगितला?"

पण उशीर झाला होता. मधोमध, दिव्याखाली, काचेची पेटी. आत पांढऱ्या कापडावर आमचा डबा, झाकण उघडं, आणि आत सुमनचे लाडू. समोर देवस्थळी चष्मा लावून पाटी वाचत होता. वाचत होता तेही मोठ्याने, आणि सगळ्यांच्या सोयीसाठी मराठीत.

"हा डबा त्यांच्या दिवंगत पत्नीने अखेरचा भरला. त्यातली मिठाई त्यांनी आजवर खाल्लेली नाही."

देवस्थळीने माझ्याकडे पाहिलं, सुमनकडे पाहिलं, परत पाटीकडे पाहिलं.

आता मला सांगा, त्या मुलीने सरळ विचारलं का नाही? आपल्याकडची कुणी मावशी त्या खोलीत असती तर पहिल्या मिनिटाला विचारलं असतं, "कशाने गेल्या?" आणि सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. पण नाही. यांचा शिष्टाचार! दुसऱ्याच्या दुःखात खोल जायचं नाही. त्यापायी जिवंत बाई मारली तरी चालेल.

सुमन पुढे झाली. चष्मा काढला, पदराने पुसला, लावला. देवस्थळीने वाचलं त्याच्या खाली आणखी मजकूर होता, माझाच, अवतरणात. 'ती नसती तर मी पहिल्याच हिवाळ्यात परत गेलो असतो. आमच्या घरात जे काही उभं आहे, ते सुमनने उभं केलं. मी फक्त पिशव्या धरल्या.' तिने ते एकदा वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. मी तिच्या कानशिलाकडे बघत उभा होतो, कारण तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

शेजारी एक इंग्रज आजी डोळे टिपत होत्या. त्या सुमनला म्हणाल्या, "किती हृदयस्पर्शी. तुम्ही ओळखत होतात का त्यांना?"

"थोडंफार," सुमन म्हणाली.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अहो, ही माझी बायको आहे!"

आजींनी माझ्या दंडावर हात ठेवला. "तुम्हाला पुन्हा कुणी मिळालं, फार बरं वाटलं हो."

मागे मंडळात कुणीतरी खोकलं. खोकला नव्हता तो.

मग काय, हॅना आली, तिला सांगितलं, ती आधी लाल झाली आणि मग पांढरी. बिचारीच्या डोळ्यांत पाणी. "पाटी आत्ता काढते," म्हणाली.

"राहू दे," सुमन म्हणाली. इंग्रजीत, एकदम शांतपणे. "चांगलं लिहिलंय."

तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. माझी पाच मिनिटं. साठ-सत्तर माणसं समोर, पहिल्या रांगेत सुमन. मी माइक तोंडाशी नेताना ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "पहिलीचं एवढं कौतुक केलंत. आता दुसरीसाठी दोन शब्द बोला."

आणि बोलायचं तरी काय होतं? पाटी समोरच होती. नुसती वाचून दाखवली असती तरी चाललं असतं. नाव घ्यायचं होतं, एकदा. मी तोंड उघडलं. समोर देवस्थळी, देवस्थळीची बायको, मेघा, इंग्रज आजी. आणि मग मी बोललो. सलग बोललो. गव्हाच्या पिठाबद्दल बोललो. खोकी कशी कापायचे ते सांगितलं. काउंटरवरच्या बायकांची बोटं, गुलाबी मीठ, धूर दिलेलं मीठ, 'हलाखी' या शब्दावर माझा निषेध, सगळं सांगितलं. भाषण रंगलं. टाळ्या पडल्या, देवस्थळीने तर शिट्टी वाजवली.

एक नाव तेवढं राहिलं.

परत येताना गाडी मीच चालवत होतो. रिंगरोडवर मी आपली एक्झिट चुकलो, एक पूर्ण चक्कर मारली, तरी सुमन काही म्हणाली नाही. एरवी अशा एका चुकीवर आमचं भांडण आठवडाभर चालतं. घराशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. तिने पट्टा सोडला, पैठणीचा पदर सावरला आणि दार उघडता उघडता म्हणाली,

"तुमची पहिली नशीबवान होती हो."